‘डाउट’ की ‘सस्पेक्ट’?

प्रश्न : मशीन तपासणीच्या अहवालात मी ‘आय डाउट द बेअरिंग इज डॅमेज्ड’ असं लिहिलं. बेअरिंगच गेलं असावं, अशी शंका मला कळवायची होती. परदेशी ग्राहकाने मात्र बेअरिंग ठीक आहे असं धरून भलताच भाग मागवला. इथे ‘सस्पेक्ट’ हवं होतं का?
– एक वाचक, भोसरी

उत्तर : हो, ‘सस्पेक्ट’च हवं होतं. तुमच्या वाक्याचा इंग्रजीत अर्थ होतो, ‘बेअरिंग गेलं असेल असं मला वाटत नाही.’ ग्राहकाने ते बरोबरच वाचलं.

गोम आपल्या ‘शंके’त आहे. ‘तो येतो की नाही, शंकाच आहे’ म्हणताना आपला कल ‘नाही’कडे असतो, ‘पैसे त्यानेच घेतले अशी शंका आहे’ म्हणताना ‘हो’कडे. मराठीत हा कल बाकीच्या वाक्यावरून कळतो, इंग्रजीत तो क्रियापदातच असतो. ‘डाउट’ म्हणजे पटत नाही. ‘सस्पेक्ट’ म्हणजे हातात पुरावा नाही, पण तसंच असावं. म्हणून अहवाल पाठवण्याआधी वाक्य मराठीत म्हणून पाहा : शेवटी ‘असं वाटत नाही’ बसलं तर ‘डाउट’, ‘असावं’ बसलं तर ‘सस्पेक्ट’.

माणसाबद्दल लिहिताना जास्त जपावं लागतं. ‘आय डाउट हिम’ म्हणजे त्याच्या शब्दावर माझा भरवसा नाही. ‘आय सस्पेक्ट हिम’ म्हणजे हे काम त्याचंच असावं. आरोप कशाचा ते ‘ऑफ’ लावून सांगतात : ‘दे सस्पेक्ट हिम ऑफ स्टीलिंग’. इथे ‘फॉर’ लिहिण्याची चूक सर्रास होते, कारण ‘अरेस्टेड फॉर’ कानात बसलेलं असतं. ‘डाउट’नंतर ‘इफ’, ‘वेदर’ किंवा ‘दॅट’ चालतं, ‘सस्पेक्ट’नंतर मात्र ‘इफ’ किंवा ‘वेदर’ नको, ‘दॅट’च हवं.

कोर्टाच्या बातम्यांत तर मराठी ‘संशय’ दोन्ही कामं करतो. पोलिस संशयावरून अटक करतात, तो ‘सस्पिशन’; १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४१मध्ये ‘रीझनेबल सस्पिशन’ असेच शब्द होते. पुढे आरोपी ‘संशयाचा फायदा’ मिळून सुटतो, तो संशय म्हणजे ‘डाउट’. पहिला आरोपीवर असतो, दुसरा त्याच्याविरुद्धच्या पुराव्यावर. बातमीचं इंग्रजी करणाऱ्याने इथे शब्दकोश उघडण्याआधी संशय नेमका कशावर आहे ते पाहावं.

प्रश्न : वर्गात ‘सर, आय हॅव अ डाउट’ म्हणणं चूक आहे का?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : आपल्याकडे ते सगळ्यांना कळतं, ‘शंका विचारणे’ जसंच्या तसं इंग्रजीत गेलं आहे. इंग्लंड-अमेरिकेतल्या शिक्षकाला मात्र तुम्हाला त्यांचं म्हणणंच पटलेलं नाही, असं वाटू शकतं. तिथे ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणा.

उच्चाराचंही सांगून ठेवतो. ‘डाउट’च्या स्पेलिंगमधला ‘बी’ कधीच उच्चारायचा नाही. इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमधून ‘बी’शिवायच आला होता, मूळ लॅटिन शब्दाकडे बघून विद्वानांनी ते अक्षर नंतर घातलं. ‘सस्पेक्ट’ क्रियापद असेल तर जोर ‘पेक्ट’वर द्या, संशयित माणूस या अर्थी नाम असेल तर पहिल्या ‘सस्’वर.