पिल्लं नव्हे, आया मोज

अनेक आशीर्वाद.

तुझा प्रस्ताव वाचला. गाभण उंदरांना जादा फॉलिक आम्ल आणि बी-१२ द्यायचं, मग पिल्लं तपासायची. प्रश्न चांगला आहे. पण ‘पूरक जीवनसत्त्वांमुळे पिल्लं अधिक निरोगी होतील’ हे तू पहिल्याच पानावर गृहीत धरलंयस. ते खोड.

टेक्सासमध्ये फ्रेड हेल यांनी अ-जीवनसत्त्व नसलेलं खाद्य एका डुकरिणीला दिलं. तिची अकराही पिल्लं नेत्रगोलांविना जन्मली. हे १९३३ साली छापून आलं. पुढे १९५३ मध्ये कोहलान यांनी उंदरांना तेच जीवनसत्त्व भरमसाट दिलं, तेव्हाही पिल्लांत व्यंगं दिसली. म्हणून एकच मात्रा ठेवू नकोस, निदान तीन ठेव.

वॉटरलँड आणि जर्टल यांचा २००३ चा शोधनिबंध तू उद्धृत केलास, पण अर्धाच. त्यांनी उंदरांच्या माद्यांना गाभण राहण्याआधीपासून फॉलिक आम्ल, बी-१२, कोलीन, बीटेन ही पोषकद्रव्यं दिली. केसांचा रंग ठरवणाऱ्या अगूटी जनुकाजवळचं मिथिलीकरण, म्हणजे जनुकाचं काम मंदावणारे मिथिल गट डीएनएवर चिकटणं, वाढलं आणि पिवळ्याऐवजी तपकिरी पिल्लं जास्त झाली. सगळे इथेच थांबतात, रंगीत फोटो छान आहे ना! त्याच लेखकांनी असंही बजावलंय की अशा पूरक आहाराचे अनपेक्षित दुष्परिणामही होऊ शकतात. पुण्याजवळच्या गावांत संशोधक याज्ञिक यांच्या गटाला, गरोदरपणी फोलेट (फॉलिक आम्ल ज्या गटातलं ते जीवनसत्त्व) जास्त आणि बी-१२ कमी असलेल्या आयांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन-प्रतिरोध, म्हणजे इन्सुलिनला शरीराने कमी दाद देणं, अधिक आढळला. माणसांतली ही निरीक्षणं आहेत, प्रयोग नव्हे. तरी तुझ्या गटांत ही जोडी हवीच.

आता खरी अडचण. आठ माद्यांची साठ पिल्लं झाली तर तुझा नमुना आठांचा, साठांचा नव्हे. खाद्य आईला दिलंय, आणि एका वेतातली भावंडं एकमेकांसारखी असणारच. साठ धरलेस की नसलेला फरकही ठळक दिसतो. मोठ्या वेतात प्रत्येकाच्या वाट्याला दूध कमी येतं, म्हणून जन्मानंतर लगेच प्रत्येक वेतातली पिल्लांची संख्या सारखी कर. काही पिल्लं दुसऱ्या गटातल्या आईखाली सोड, म्हणजे गर्भातला परिणाम कुठला आणि दुधातला कुठला ते वेगळं काढता येईल. नर-मादीची आकडेवारी स्वतंत्र ठेव. दूध तुटल्यावर थांबू नकोस. वजनातला फरक कित्येकदा वयात आल्यावरच उघड होतो.

वजन करणाऱ्याला गट कळता कामा नये. पिंजऱ्यांवर नुसते क्रमांक घाल.

माद्या किती लागतील याचा हिशेब नव्याने मांड आणि नैतिकता समितीकडे अर्ज जाण्याआधी मला पाठव.