रात्रीवर ढकलण्याआधी लॉगमधली एक ओळ मोजा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: जावा, स्प्रिंग बूट (जावाचं फ्रेमवर्क), मेवन (कोड बांधणारं साधन), जेनकिन्स (बिल्ड आपोआप चालवणारा सर्व्हर). टीम ८ जणांची, स्प्रिंट दोन आठवड्यांचा, आणि पुल रिक्वेस्टचं (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याच्या विनंतीचं) बिल्ड, म्हणजे कोड बांधून तपासायची फेरी, ४८ मिनिटांवर गेलंय. मॅनेजर म्हणतायत की इंटिग्रेशन टेस्ट्स (डेटाबेससकट सगळं एकत्र तपासणाऱ्या) रात्री चालवू, दिवसा फक्त युनिट टेस्ट्स (एकेक तुकडा सुटा तपासणाऱ्या) ठेवू. तुम्ही विचारताय की तसं करावं, की जेनकिन्सच सोडून दुसरीकडे जावं.

दोन्ही नको. एवढं ठासून सांगतोय, कारण पहिला उपाय आम्ही करून बसलो होतो आणि तो सुचवणारा शहाणा मीच होतो.

डिपेंडन्सी (बाहेरच्या लायब्ररी) कॅश करणं, गिटचा उथळ क्लोन घेणं, टप्पे वेगळे पाडणं हे तुम्हाला ठाऊक असणार, त्यात वेळ घालवत नाही. आणि आधीच सांगून ठेवतो, मी जावावाला माणूस. नोड किंवा गो वाल्यांनी यातलं आपापल्या चवीनं घ्यावं. शंभर-दीडशे जणांच्या मोनोरेपोवर (सगळ्यांचा कोड एकाच भांडारात) मी कधी काम केलेलं नाही, तिथली दुखणी वेगळी असतात.

गोष्ट डिसेंबर २०१८ ची. कर्जवाटपाची सिस्टिम, हिंजवडीत बसणारी ९ जणांची टीम, बिल्ड ५२ मिनिटांचं. सकाळी मर्ज (आपला बदल मुख्य कोडमध्ये मिसळणं) टाकलं तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत नंबर लागायचा नाही. मी म्हटलं, इंटिग्रेशन टेस्ट्स रात्री २ ला लावू. लावल्या. ५२ ची १९ मिनिटं झाली, रेट्रोमध्ये (स्प्रिंटच्या शेवटच्या आढावा बैठकीत) ‘काय चांगलं झालं’च्या रकान्यात माझ्या नावाच्या ३ चिठ्ठ्या लागल्या आणि मी आठवडाभर हवेत होतो.

पहिल्या आठवड्यात स्टँडअपला (सकाळच्या छोट्या बैठकीत) रात्रीच्या बिल्डची चौकशी व्हायची. ते फुटलं की त्यात दिवसभराची १२-१५ मर्ज असायची. कोणाची चूक? प्रत्येक जण म्हणणार, मी तर फक्त लेबल बदललं. शोधायला कोणीतरी अर्धा दिवस घालवायचा, आणि तो ‘कोणीतरी’ दर वेळी तोच बिचारा ज्युनियर.

मग एक गंमत झाली. एक टेस्ट रोज रात्री न चुकता फेल व्हायला लागली आणि दिवसा हातानं चालवली की पास. बिल्डचं मशीन यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आणि डेटाबेस आपल्या वेळेवर. रात्री २ ला आपल्याकडे तारीख बदललेली असते, यूटीसीमध्ये मात्र अजून आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेआठ. म्हणजे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत ‘आज’ या शब्दाचे दोन अर्थ. ही टेस्ट दिवसा आयुष्यात फेल झाली नसती. आम्ही ती ‘नंतर बघू’मध्ये टाकली. तिच्यामुळे रात्रीचं बिल्ड कायमचं लाल झालं, आणि रोज मरे त्याला कोण रडे? जेनकिन्सच्या मेल वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायचा नियम मी स्वतः लावला होता, हेही कबूल करतो.

जानेवारीत एकानं हप्त्यांच्या तारखा काढणारा कोड ‘साफ’ केला. आधीचा कोड मूळ तारखेत १ महिना, २ महिने, ३ महिने असं मिळवायचा. नव्या कोडमध्ये आधीच्या हप्त्याच्या तारखेत एकेक महिना मिळवला जायचा. वाचायला सुटसुटीत, रिव्ह्यूमध्ये मीच हिरवा टिक दिला. आता ३१ जानेवारी घ्या. जावा त्यात १ महिना मिळवून २८ फेब्रुवारी देतं, बरोबर आहे. त्या २८ फेब्रुवारीत आणखी १ मिळवला की २८ मार्च येतो. यायला हवा होता ३१ मार्च. एकदा २८ वर घसरलेली तारीख पुन्हा वर चढत नाही.

ही चूक पकडणारी टेस्ट आमच्याकडे होती. तिनं त्याच रात्री पकडली. पुढच्या सोळा रात्री ती लाल होती, त्या यूटीसीवालीच्या शेजारी, त्याच मेलमध्ये. कोणी उघडून बघितलं नाही. ३० जानेवारीला रिलीज गेलं, ३१ ला कर्जं वाटली गेली, आणि एका कर्जदारानं वेळापत्रक वाचून फोन केला की मार्चचा हप्ता २८ ला कसा काय. टीमच्या आधी त्याच्या लक्षात आलं! तो शनिवार-रविवार आम्ही वेळापत्रकं दुरुस्त करण्यात आणि क्लायंटला ‘रूट कॉज’ लिहून देण्यात घालवला. (ही युनिट टेस्टमध्येच पकडायला हवी होती असं कोणीतरी म्हणेल. मान्य. पण ते गणित सुट्ट्यांच्या टेबलाशी इतकं बांधलेलं होतं की डेटाबेसशिवाय हलायचं नाही.)

सोमवारी सगळ्या टेस्ट्स परत पुल रिक्वेस्टवर आणल्या. बिल्ड परत ५२.

मग वरून मोठं मशीन मिळालं. १६ कोअर, ६४ जीबी. ५२ ची ४७ झाली. आजार म्हशीला आणि औषध पखालीला.

एका शनिवारी मी शेवटी बिल्डचा पूर्ण लॉग (बिल्ड चालताना उमटलेल्या नोंदी) उतरवून घेतला आणि बसलो. हे काम पहिल्या दिवशी करायला हवं होतं. टप्प्यांची फोड अशी निघाली: कोड आणि डिपेंडन्सी आणणं ६ मिनिटं, कंपाइल ७, युनिट टेस्ट्स ४, इंटिग्रेशन ३३, डॉकर इमेज (चालवायला तयार पॅकेज) बनवणं २. (ही फोड जुन्या मशीनची, नव्यावरही प्रमाण तेच.) ३३ मिनिटांत नेमकं चाललंय काय हे बघायला लॉग खाली सरकवत होतो, तर तो स्प्रिंगचा अक्षरांनी काढलेला बॅनर दिसला, अ‍ॅप्लिकेशन उठताना छापला जाणारा. जरा खाली गेलो, परत बॅनर. परत. ‘स्टार्टेड’ शब्दाच्या ओळी मोजल्या तर १३४. प्रत्येकीच्या शेवटी साधारण १३ सेकंद. १३४ गुणिले १३ म्हणजे २९ मिनिटं. म्हणजे ३३ पैकी खऱ्या टेस्ट्स ४ मिनिटांच्या, बाकी सगळा वेळ अ‍ॅप्लिकेशन उठवण्यात आणि झोपवण्यात.

हे व्हायला नको असतं. स्प्रिंगची टेस्ट यंत्रणा एकदा उठवलेला कॉन्टेक्स्ट (उठलेलं अ‍ॅप्लिकेशन) त्याच जेव्हीएममध्ये (जावा चालवणाऱ्या प्रोसेसमध्ये) जपून ठेवते, पुढच्या क्लासचं कॉन्फिगरेशन तेच असेल तर तोच वापरते. मग आमच्याकडे प्रत्येक क्लासला नवा का? सगळ्या इंटिग्रेशन टेस्ट्सच्या बेस क्लासवर (ज्यातून बाकीचे क्लास निघतात त्यावर) ‘डर्टीज कॉन्टेक्स्ट’ हे अ‍ॅनोटेशन, म्हणजे कोडवर लावायची खूण, होतं. क्लासवर लावलं की तो क्लास संपल्यावर कॉन्टेक्स्ट फेकून द्यायचा असा त्याचा अर्थ, आणि ते बेस क्लासवरून खालच्या सगळ्या क्लासेसना वारशानं मिळतं. एक ओळ, १३४ बळी.

गिट ब्लेम (कुठली ओळ कोणी लिहिली ते दाखवणारी कमांड) मारलं. माझं नाव. २०१७, कमिटचा मेसेज ‘टेस्ट फिक्स’. तेव्हा एक टेस्ट दुसरीच्या नंतर चालली की फेल व्हायची. कारण शोधायचा कंटाळा केला, कुठल्याशा उत्तरातून ती ओळ उचलली, टेस्ट हिरवी झाली, घरी गेलो. काखेत कळसा आणि वर्षभर गावाला वळसा.

ओळ काढली तर ११ टेस्ट्स फुटल्या. कोणी स्टॅटिक मॅपमध्ये सुट्ट्यांची यादी भरून ठेवली होती, कोणी आयडी १ असणारच असं धरलं होतं. त्या दुरुस्त करायला दोघांचा आठवडा गेला. तो आठवडा मागताना प्रॉडक्ट ओनरना ‘बिल्ड फास्ट होईल’ असं सांगू नका, कोणाला काही वाटत नाही. ‘प्रॉडक्शनला आग लागली तर दुरुस्ती पोचायला आत्ता किमान ५२ मिनिटं लागतात’ असं सांगा. आमच्याकडे त्या शनिवार-रविवारनंतर हे लगेच कळलं. ३३ मिनिटांची ६ झाली.

म्हणून तुम्हाला पहिलं काम हेच: लॉगमध्ये ‘स्टार्टेड’वाल्या ओळी मोजा. डर्टीज कॉन्टेक्स्ट नसेल तर मॉक बीन (टेस्टपुरता खऱ्या घटकाच्या जागी ठेवलेला नकली) बघा. प्रत्येक क्लासमध्ये वेगळी बीन मॉक केली की स्प्रिंगच्या लेखी ते वेगळं कॉन्फिगरेशन, म्हणजे नवा कॉन्टेक्स्ट. नेहमीच्या मॉक एका सामाईक कॉन्फिगरेशनमध्ये ठेवा. आणि शुअरफायरमध्ये (मेवनचं टेस्ट्स चालवणारं प्लगिन) कोणी ‘रीयूज फोर्क्स’ (तेच जेव्हीएम पुढच्या क्लासला वापरणं) फॉल्स करून ठेवलंय का तेही बघा, कारण जेव्हीएम गेलं की जपलेलं सगळं गेलं.

समांतर चालवण्याचा मोह त्यानंतर. मेवन ३ पासून मॉड्यूल समांतर बांधता येतात, जेयुनिट ५.३ पासून टेस्ट्सही. पण एकाच डेटाबेसवर चार फोर्क (टेस्ट्स चालवणारी वेगवेगळी जेव्हीएम) सोडलेत तर ते एकमेकांच्या पायात पाय घालतात. शुअरफायर प्रत्येक फोर्कला क्रमांक देतं, तो डेटाबेसच्या नावाला जोडा. पोस्टग्रेस डेटाबेस असेल तर मायग्रेशन (टेबलं उभी करणाऱ्या स्क्रिप्ट) एकदाच एका टेम्प्लेट डेटाबेसवर चालवा आणि फोर्कगणिक त्याची कॉपी काढा, काही सेकंदांचं काम आहे. टेस्टच्या डेटाबेसला एफसिंक (डेटा डिस्कवर पक्का उतरेपर्यंत थांबणं) बंद ठेवलं तरी चालतं. प्रॉडक्शनला मात्र चुकूनही नको, हे लिहायची गरज नसावी पण लिहितो. यानं आमची ६ ची ३ झाली.

आता थोडी भडास. कंपाइलला ७ मिनिटं का, तर बिल्डचं मशीन विंडोजचं आणि अँटिव्हायरस प्रत्येक क्लास फाइल आणि मेवनच्या भांडारातली प्रत्येक जार उघडून बघणार. दोन फोल्डर वगळायचे होते, फक्त दोन. यासाठी एका सुरक्षा विभागाकडे (कोणाचा, कुठला, विचारू नका) तिकीट टाकलं. ‘व्यावसायिक गरज स्पष्ट करा’ म्हणून परत आलं. स्पष्ट केली. ‘डुप्लिकेट’ म्हणून बंद झालं. ज्याचं डुप्लिकेट, ते तिकीट उघडलं तर तेही बंद, कारण ‘अर्जदाराकडून प्रतिसाद नाही’. तो अर्जदार दीड वर्षापूर्वी कंपनी सोडून गेलेला! चार महिने लागले. शेवटी अपवाद मिळाला आणि ७ मिनिटांची ३ झाली. त्यांचीही बाजू असते हे मला कळतं, बिल्डचं मशीन हे हल्ला करायला सोयीची जागा आहे आणि सरसकट वगळणं धोक्याचंच. पण ‘नाही’ म्हणायचं तर पहिल्या दिवशी म्हणा ना. तुमची मशीन्स लिनक्सची असतील तर हा परिच्छेद सोडून द्या.

असाच एक फटका नोव्हेंबर २०२० नंतर बसला. डॉकर हबनं (तयार इमेजेसचं सार्वजनिक कोठार) लॉगिन न करता इमेज ओढण्यावर ६ तासांत १०० ची मर्यादा घातली, तीही आयपीवर. अख्खं ऑफिस एकाच आयपीतून बाहेर पडणारं, दुपारपर्यंत कोटा खलास आणि बिल्ड लाल. इमेजेसचा आतला मिरर (ऑफिसातलीच प्रत) ठेवा. डॉकरफाइलमध्ये सगळा कोड कॉपी करण्याआधी फक्त पॉम (डिपेंडन्सींची यादी असलेली मेवनची फाइल) कॉपी करून डिपेंडन्सी उतरवा, नाहीतर एक स्वल्पविराम बदलला तरी सगळं परत डाउनलोड.

फेल झालेली टेस्ट आपोआप परत चालवायची सोय शुअरफायरमध्ये आहे. माझं मत विचाराल तर तिला हात लावू नका. तीनदा चालवून एकदा पास झालेली टेस्ट पास नसते, आणि वेळही तिप्पट जातो. लहरी टेस्ट असेल तर वेगळी काढा, तिच्यावर कोणाचं तरी नाव आणि दोन आठवड्यांची मुदत टाका. मुदतीत दुरुस्त झाली नाही तर खोडून टाका. हे वाचून काही जण चिडतील, चिडू द्या. जिच्यावर कोणाचा विश्वास नाही ती टेस्ट ठेवून उपयोग काय, हे आम्ही सोळा रात्री बघितलंय.

जेनकिन्स सोडण्याबद्दल: १३४ वेळा उठणारं अ‍ॅप्लिकेशन दुसऱ्या कुठल्याही सर्व्हरवर १३४ वेळाच उठेल. वर मिनिटागणिक बिल येईल ते वेगळं.

आमचं बिल्ड आज १३ मिनिटांवर आहे. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग (सॉफ्टवेअर बनवायची एक पद्धत) वाले १० मिनिटं म्हणतात, ते अजून जमलेलं नाही. रात्रीचं बिल्ड आमच्याकडे आजही आहे, पण त्यात फक्त लोड टेस्ट आणि डिपेंडन्सीची सुरक्षा तपासणी. ते लाल झालं तर त्या आठवड्याची पाळी असलेल्या माणसाच्या फोनवर जातं, सगळ्यांच्या मेलवर नाही.

उद्या ऑफिसला गेलात की त्या ‘स्टार्टेड’च्या ओळी मोजून आकडा इथे टाका. आठ-दहाच्या आत निघाला तर माझा अंदाज चुकला, मग टप्प्यांची फोड टाका, मॉड्यूल बघू. पन्नासच्या वर निघाला तर बेस क्लास उघडा. गिट ब्लेम मात्र एकटे असताना मारा.