ओझोनसॉन्डच्या (फुग्याला बांधून वर पाठवलेल्या ओझोनमापकाच्या) आलेखातले बारीक दाते म्हणजे टर्ब्युलन्स (हवेची अस्ताव्यस्त खळबळ) का? आणि त्याने ओझोनचं रसायन बदलतं का?

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न आहेत. १५ ते ३० किमी उंचीवर ओझोनच्या आलेखात जे दाते दिसतात (काही शे-दोनशे मीटरचे, काही दोन-तीन किमीचे) ते टर्ब्युलन्समुळे का. फुग्याच्या आकडेवारीतून टर्ब्युलन्स काढता येतो का. आणि रसायनावर त्याचा परिणाम किती.

पहिल्याचं उत्तर: बहुतेक दाते टर्ब्युलन्सने घडवलेले नसतात, त्याला अजून पुसता न आलेले असतात. स्थितांबरात उंचीबरोबर तापमान वाढतं, म्हणून हवा उभ्या दिशेने हलायला तयार नसते. उचललेला हवेचा गोळा साधारण पाच मिनिटांच्या आवर्तनाने वरखाली डोलतो आणि मूळ जागी येतो. अशा हवेत दाते तयार होण्याचे मुख्य रस्ते दोन. गुरुत्वतरंग, म्हणजे हवेच्या अशाच डोलण्यातून पसरणाऱ्या लाटा, थरांना तात्पुरतं वरखाली सरकवतात. आणि रॉस्बी तरंग (पृथ्वीच्या फिरण्यामुळे उठणाऱ्या हजारो किमी लांबीच्या लाटा) मोडले की एका अक्षांशाची हवा लांब जिभेसारखी दुसरीकडे ओढली जाते. वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगळा असल्याने ती जीभ तिरकी होत पातळ पापुद्र्यांत बदलते.

हे दोन ओळखायची सोपी चाचणी आहे. ओझोनचं मिश्रणप्रमाण (हवेतला त्याचा वाटा) आणि पोटेन्शियल टेंपरेचर (हवा जमिनीलगतच्या दाबापर्यंत दाबली तर तिचं होईल ते तापमान), दोन्हींतून दोन-अडीच किमीची सरासरी वजा करा आणि उरलेल्या चढउतारांचा सहसंबंध काढा. तो ०.७ च्या वर असेल तर गुरुत्वतरंग, शून्याच्या आसपास (उणे ०.३ ते अधिक ०.३) असेल तर पापुद्रे. मधल्या किमतींवरून काही ठरवू नका.

टर्ब्युलन्स येतो तो यानंतर. वाऱ्याचा उभा फरक इतका वाढला की रिचर्डसन अंक (हवेची स्थिरता भागिले वाऱ्याच्या उभ्या फरकाचा वर्ग) ०.२५ च्या खाली गेला, तर थर गुंडाळत मोडतो. असे थर जाडीला दहा-वीस ते काहीशे मीटर आणि आडवे कितीतरी किमी पसरलेले असतात. त्यांच्या वरची-खालची हवा शांत असते. २० किमीवर ऊर्जाक्षयाचा दर (भोवऱ्यांची ऊर्जा उष्णतेत विरण्याचा वेग) १०⁻⁴ चौरस मीटर प्रति सेकंद-घन धरा आणि तरण-वारंवारता (वर सांगितलेल्या डोलण्याची) ०.०२ प्रति सेकंद. यातून निघणारी ओझमिडॉव्ह लांबी, म्हणजे स्थिरतेला न जुमानता गरगरणाऱ्या सर्वांत मोठ्या भोवऱ्याचा आकार, फक्त साडेतीन मीटर. कोल्मोगोरोव्ह लांबी, म्हणजे सर्वांत लहान भोवऱ्यांचा आकार, दीड सेंटिमीटरच्या आत. मिश्रणगुणांक, म्हणजे टर्ब्युलन्स हवा किती वेगाने मिसळतो त्याचं माप (०.२ गुणिले ऊर्जाक्षय भागिले तरण-वारंवारतेचा वर्ग) येतो ०.०५ चौरस मीटर प्रति सेकंद, आणि तोही फक्त त्या थरापुरता. बराच वेळ, बऱ्याच जागेवर सरासरी काढली तर आकडा खूपच खाली येतो. संगणक-प्रारूपात हाच आकडा सगळीकडे सारखा टाकलेला दिसला की मी तरी पुढचे निष्कर्ष जपून वाचतो.

आता मोजमाप. साध्या ओझोनसॉन्डमधली इलेक्ट्रोकेमिकल पेशी पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणातून हवा बुडबुडवते. ओझोनच्या एका रेणूमागे दोन इलेक्ट्रॉन मिळतात आणि तो प्रवाह मोजला जातो. पेशीचा प्रतिसादकाळ २० ते २५ सेकंद. फुगा सेकंदाला पाच मीटर चढतो, म्हणजे तुमचा ओझोनचा आलेख शंभर-सव्वाशे मीटरवर आधीच पसरवून लिहिलेला असतो. त्यातून साडेतीन मीटरचा भोवरा शोधणं शक्य नाही. प्रतिसादकाळाची दुरुस्ती गणिताने करता येते, पण ती करताना गोंगाटही फुगतो, तेव्हा आधी आलेख हलका गुळगुळीत करून घ्या. याशिवाय द्रावणात २०-२५ मिनिटांची एक मंद अभिक्रिया चालू असते. ओझोनचा दाट थर ओलांडल्यावर तिची शेपटी कित्येक किमी वरपर्यंत मागे येते. ती वजा न करता थरांच्या कडा मोजल्या तर वरची कड नेहमीच बोथट निघेल आणि तुम्हाला वाटेल तिथे मिश्रण झालंय.

म्हणून टर्ब्युलन्ससाठी ओझोन सोडा, तापमान घ्या. पद्धत थॉर्प या समुद्रशास्त्रज्ञांची, मुळात लॉख नेस या स्कॉटिश सरोवरातल्या पाण्यासाठी वापरलेली. पोटेन्शियल टेंपरेचरचा कच्चा आलेख घ्यायचा (एक सेकंदाचा, कंपनीच्या सॉफ्टवेअरने गुळगुळीत केलेला नव्हे), तो चढत्या क्रमाने लावायचा आणि प्रत्येक बिंदू किती मीटर सरकला ते पाहायचं. एका उलथलेल्या थरातल्या सरकण्यांचं वर्गमध्यमूळ (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) म्हणजे थॉर्प लांबी. तिचा वर्ग गुणिले तरण-वारंवारतेचा घन, की ऊर्जाक्षयाचा अंदाज आला. मधला स्थिरांक एकच्या आसपास धरतात, पण एकेका थरासाठी तो कितीतरी पटींनी इकडेतिकडे होतो; सरासरीतच त्यावर भिस्त ठेवा.

घोळ होतो तो दोन ठिकाणी. एक, गोंगाट. २० किमीवर पोटेन्शियल टेंपरेचर मीटरला सुमारे ०.०२ केल्विनने वाढतं, म्हणजे पाच मीटरच्या दोन नोंदींत ०.१ केल्विन. तिथे पोटेन्शियल टेंपरेचर प्रत्यक्ष तापमानाच्या दुपटीहून जास्त असल्याने सेन्सरची ०.०५ केल्विनची थरथर हा फरक पुसायला पुरेशी आहे. तेव्हा शांत भागांतून गोंगाट मोजा, आणि ज्या उलथापालथीतला एकूण फरक तितक्याच बिंदूंच्या नुसत्या गोंगाटातून येऊ शकतो ती टाकून द्या. दोन, फुग्याची स्वतःची सावली. फुग्याने ढवळलेली, उन्हाने तापलेली हवा खाली सुटते आणि दोरीला लटकलेलं यंत्र झोके घेत तिच्यात आत-बाहेर करतं. ३० मीटर दोरीचा झोका ११ सेकंदांचा, म्हणजे साधारण ५५ मीटर चढाईचा. तापमानात त्याच अंतराने टोकं येत असतील तर तो टर्ब्युलन्स नाही. थॉर्प लांबी २० मीटर निघाली तर ऊर्जाक्षय ३×१०⁻³ येतो, म्हणजे चांगलाच जोरदार प्रसंग. ५० मीटर निघाली तर आधी वाऱ्याचा उभा फरक तपासा: तो कमी असेल तर यंत्र फुग्याच्याच हवेत अडकलेलं असणार. दोरी लांब घ्या, किंवा उतरतानाची नोंद वापरा. तेव्हा यंत्राच्या वर फुगा नसतो. खरे सेंटिमीटरभराचे भोवरे पाहायचे तर काही मायक्रोमीटर जाडीच्या तापवलेल्या तारेचा, सेकंदाला हजारो नोंदी घेणारा मापक लागतो.

रसायनाकडे येऊ. इथे निर्णय घेतं एकच गुणोत्तर: मिसळायला लागणारा वेळ भागिले अभिक्रियेचा वेळ. ४० किमीवर विषम ऑक्सिजनचं (ओझोन आणि अणुरूप ऑक्सिजन मिळून) आयुष्य फार तर दिवसांत मोजतात; उत्पादन आणि नाश तिथल्या तिथे जुळतात, टर्ब्युलन्सला बोलायला जागा नाही. २० किमीवर ओझोन महिनोन्‌महिने टिकतो, तो वाऱ्याचा प्रवासी. पण त्याला मारणारे घटक चपळ असतात, आणि खरी गंमत तिथेच आहे.

अंटार्क्टिकावरच्या ध्रुवीय भोवऱ्याची (हिवाळ्यात ध्रुवाभोवती फिरणाऱ्या जोरदार वाऱ्यांच्या चक्राची) कड घ्या. १९८७ मध्ये नासाच्या ईआर-२ विमानाने चिलीतल्या पुंता अरेनासहून उड्डाणं केली तेव्हा कड ओलांडताना थोड्याच अंतरात क्लोरीन मोनॉक्साइड झपकन वाढलेलं आणि ओझोन घसरलेला दिसला. आत क्लोरीन मोनॉक्साइड, बाहेर नायट्रोजन डायऑक्साइड. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन नायट्रेट बनतं आणि क्लोरीन तात्पुरतं निकामी होतं. बाहेरच्या हवेत एक अब्जांश नायट्रोजन डायऑक्साइड असेल तर तिथल्या दाबाला नि थंडीला या अभिक्रियेला दहाएक मिनिटं लागतात. टर्ब्युलंट थराचं आयुष्यही तरण-आवर्तनाच्या काही पटी, म्हणजे त्याच टप्प्यातलं. गुणोत्तर एकच्या जवळ, म्हणून सरासरी प्रमाणांचा गुणाकार करून दर काढणं इथे चुकतं.

चूक किती होते ते प्रारूपाच्या एका चौकटीत (हवेच्या ज्या तुकड्याला प्रारूप एकच सरासरी देतं) बघा. तिच्या अर्ध्या भागात क्लोरीन मोनॉक्साइड दोन अब्जांश, अर्ध्यात शून्य. ओझोन खाणाऱ्या डायमर चक्राचा (ज्यात क्लोरीन मोनॉक्साइडचे दोन रेणू जोडले जातात) दर या प्रमाणाच्या वर्गावर ठरतो. खऱ्या हवेत वर्गांची सरासरी दोन. प्रारूपाने चौकट घोटून एकजीव केली तर सरासरीचा वर्ग एक. दर निम्मा झाला, शिवाय नायट्रोजन डायऑक्साइडशी नसलेली भेट घडवली गेली ती वेगळीच.

मग चौकट किती लहान हवी? पापुद्रा ताणला जाऊन चार दिवसांत १/२.७ इतका पातळ होतो असं धरा, आणि सरासरी मिश्रणगुणांक ०.०१ चौरस मीटर प्रति सेकंद. ताणणं आणि मिसळणं जिथे तुल्यबळ होतं ती जाडी येते सुमारे ६० मीटर. स्थितांबरात पापुद्र्यांची आडवी रुंदी उभ्या जाडीच्या साधारण २५० पट असते, म्हणजे १५ किमी. शंभर किमीची चौकट असलेलं प्रारूप निसर्गाच्या बरंच आधी हवा मिसळून टाकतं.

टर्ब्युलन्सच्या खात्यावर चुकून लिहिली जाणारी एक गोष्ट: पर्वतांवरून उठलेल्या तरंगांनी हवा काही अंशांनी गार होते आणि सरासरी तापमान १९५ केल्विनच्या वर असतानाही ध्रुवीय ढग बनून क्लोरीन मोकळं होतं. तोच तरंग पुढे मोडून टर्ब्युलन्सही करतो, पण क्लोरीन सुटलं ते थंडीने.

मध्यांबराचं (स्थितांबराच्या वरच्या थराचं) चित्र निराळं आहे. ९० किमीच्या आसपास मिश्रणगुणांक शंभर चौरस मीटर प्रति सेकंदाच्या घरात जातो आणि तिथे टर्ब्युलन्स स्वतः वाहतूकदार असतो: वरचा अणुरूप ऑक्सिजन तो खाली ढकलतो. ८० किमीच्या खाली आला की रात्री हा ऑक्सिजन झपाट्याने ओझोनमध्ये बदलून संपतो. वर तो बराच टिकतो, आणि रात्रीचा ओझोनचा दुसरा उच्चांक ९०-९५ किमीला दिसतो. तिथे फुगा पोचत नाही, रॉकेटवरून हवेच्या घनतेतले चढउतार मोजावे लागतात. प्रकल्पासाठी ही उंची निवडणार असाल तर मिश्रणगुणांक दुप्पट आणि निम्मा करून प्रारूप आधी चालवून बघा. अणुरूप ऑक्सिजनचा आलेख किती हलतो यावरून मोजमापात किती अचूकता हवी ते कळेल.