बॅसिट्रॅसिनचा झोन आला म्हणून लगेच पायोजिनिस लिहू नकोस

नांदेडहून तू विचारलंयस: घशाच्या स्वॅबमधून बीटा-हिमोलिसिस करणारी (भोवतीच्या लाल पेशी पूर्ण फोडणारी) कॉलनी आली, बॅसिट्रॅसिन या प्रतिजैविकाच्या डिस्कभोवती झोनही (जंतू न वाढलेलं वर्तुळ) पडला, मग रिपोर्टात सरळ 'स्ट्रेप्टोकोकस पायोजिनिस' लिहू का?

थांब जरा. प्लेट कुठल्या रक्ताची होती? मी लातूरला ज्या लॅबमध्ये उमेदवारी केली, तिथं रक्तपेढीतल्या मुदत संपलेल्या पिशव्या वापरायचे. त्यात सायट्रेट, ग्लुकोज, वर माणसाच्या रक्तातली प्रतिपिंडं. हिमोलिसिस कधी फिकट, कधी दिसायचाच नाही. रोज दोघांत वाद. शेवटी एका धनगराशी ओळख काढली. मेंढीचं रक्त काचेचे मणी घातलेल्या निर्जंतुक बाटलीत घ्यायचं, फायब्रिन सुटेपर्यंत हलवत राहायचं आणि अगारमध्ये ५ टक्के घालायचं. वाद मिटला.

कॅटॅलेज (हायड्रोजन पेरॉक्साइडवर बुडबुडे येतात का ती चाचणी) निगेटिव्हच हवी. पण लूपला ब्लड अगार चिकटलं तर लाल पेशींमुळेच बुडबुडे येतात आणि स्ट्रेप्टो बिचारा कॅटॅलेज पॉझिटिव्ह स्टॅफच्या (स्टॅफिलोकोकसच्या) रांगेत जाऊन बसतो. कॉलनी वरवरच उचल.

आता तुझा झोन. ०.०४ युनिटच्या डिस्कला गट ए (म्हणजे पायोजिनिस) दबतो हे खरं, पण गट सी आणि जी मधलेही काही दबतात. म्हणून पीवायआर (एका एन्झाइमची रंगचाचणी) लाव. बीटा कॉलनीला लाल रंग आला तर पायोजिनिस म्हणायला जोर येतो. (मे महिन्यात लाइट गेली की फ्रिजमधल्या डिस्कांचा भरवसा नसतो, तेव्हा ओळखीचा कंट्रोल स्ट्रेन सोबत लावत जा.)

लॅटेक्स किट असेल तर उत्तम. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिबेका लान्सफिल्ड यांनी १९३३ मध्ये पेशीभित्तिकेतल्या कर्बोदकांवरून जे गट पाडले, तेच ते किट ओळखतं. न्यूमोनियाचा न्यूमोकोकस मात्र त्या गटांत बसत नाही. अल्फा (भोवती हिरवट छटा असलेली) कॉलनी दिसली की त्याच्यासाठी ऑप्टोचिन आणि बाइल सोल्युबिलिटी या चाचण्या लाव. जुन्या वह्यांत एन्टेरोकोकस गट डी मध्ये सापडेल, पण १९८४ पासून त्याचा वंशच वेगळा धरतात.

गट बी ला कॅम्प टेस्ट, स्टॅफच्या रेघेजवळ बाणाच्या टोकासारखा हिमोलिसिस. त्याचं नाव अगॅलॅक्टिए, म्हणजे दूध नसणं. म्हशीची कास दगडी होते, त्यामागे हाही असतो.

पीवायआर होईपर्यंत 'बीटा-हिमोलिटिक स्ट्रेप्टोकोकस, पुढील तपासणी चालू' एवढंच लिही आणि डॉक्टरांना फोन करून सांग.