इंग्रजीतले व्ही आणि डब्ल्यू माझ्या तोंडून एकसारखेच येतात. सराव नेमका कसा करू?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: शिक्षण मराठी माध्यमात, नोकरी हिंजवडीत, क्लायंट इंग्लंडचा. तुमचा व्ही किंवा डब्ल्यू आला की पलीकडून 'सॉरी?' येतं. गेला महिनाभर रोज आरशासमोर उभं राहून व्हीचा सराव करताय, तिथे जमतंही, पण कॉलवर फरक काही पडत नाही.

मी पुण्यातल्या कॉल सेंटरांमध्ये नव्याने लागलेल्या मुलामुलींना उच्चार शिकवते. आमच्या धंद्यात याला 'व्हॉइस अँड अ‍ॅक्सेंट' म्हणतात. तुमच्या प्रश्नातच घोळ दिसतोय. तुम्ही व्हीच्या मागे लागलात. मराठी माणसाचं खरं अडतं ते डब्ल्यूपाशी. नुसता व्ही घोटत बसलं की तो सगळीकडे घुसतो आणि 'व्हॉट', 'व्हाय', 'व्हुई' असं बोलणं सुरू होतं. आधी निदान निम्मे शब्द बरे येत असतात, तेही बिघडतात.

आपला व कुठून निघतो ते आधी बघा. 'वीट' म्हणा, 'वेळ' म्हणा. वरचे दात खालच्या ओठाच्या जवळ येतात, पण घासत नाहीत. ओठ गोलही होत नाहीत. इंग्रजी व्हीत दात ओठाला टेकतात आणि त्या फटीतून हवा घासत बाहेर येते. डब्ल्यूत दातांचा संबंधच नाही, ओठांचा चंबू होतो आणि जिभेची मागची बाजू जरा वर जाते. म्हणजे आपला व या दोघांच्या बरोबर मध्ये बसलाय. त्यामुळे ज्याला डब्ल्यू ऐकायचा असतो त्याला तो व्हीसारखा वाटतो आणि ज्याला व्ही ऐकायचा असतो त्याला डब्ल्यूसारखा. दोन्हीकडून मार आपल्यालाच.

त्यात आपले डोळेही लहानपणापासून बिघडलेले. वाकड डब्ल्यूने लिहितात, विमाननगर व्हीने. विश्रांतवाडीत तर एकाच नावात दोन्ही. वडगावचं अजून ठरायचंय, एका पाटीवर व्ही आणि पुढच्या पाटीवर डब्ल्यू. फर्ग्युसन रोडवर वैशालीची पाटी व्हीने, वाडेश्वरची डब्ल्यूने, आणि बोलताना आपण सगळीकडे तोच व म्हणतो. म्हटलाही पाहिजे. पण यातून डोक्यात पक्कं बसतं की ही दोन अक्षरं म्हणजे एकाच आवाजाच्या दोन स्पेलिंगा.

आपल्या लिपीनेही थोडा हातभार लावलाय. हिंदीवाले 'वीडियो' लिहितात, आपण व्हीसाठी व्ह वापरतो: व्हॅन, व्हिडिओ, व्हरांडा. सोय चांगली आहे. पण ज्या शब्दांत डब्ल्यूच्या पुढे एच असतो तेही आपण व्हनेच लिहितो: व्हाइट, व्हील, व्हिस्की, व्हेल मासा, व्हॉट्सअ‍ॅप. हे सगळे डब्ल्यूचे शब्द आहेत. इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेत बहुतेक ठिकाणी तो एच आता कोणी उच्चारत नाही. काही स्कॉटिश आणि आयरिश लोक उच्चारतात, तेही 'ह्वाइट' असं, ह आधी. आपल्याला मात्र 'व्हाइट' हे मराठी लेखन डोळ्यासमोर दिसलं की दात ओठावर गेलेच. माझ्या बॅचमध्ये व्हिस्कीचा उच्चार दहातले नऊ जण दात लावूनच करतात, न पिणारेसुद्धा.

आता डब्ल्यू. तो तुमच्या तोंडात आधीपासून आहे, फक्त तुम्हाला माहीत नाही. आरशात बघत 'स्वारगेट' म्हणा. मग 'ज्वारी'. व्यंजनाला जोडून आलेला व म्हणताना बहुतेकांचे ओठ आपोआप गोल होतात आणि दात बाजूला राहतात. तो आकार पकडा. स हळूच गाळा आणि उरलेला 'वार' तशाच गोल ओठांनी म्हणा. इंग्रजीतला युद्धाचा 'वॉर' असाच सुरू होतो.

हे जमलं की 'ऊ'वरून उडी मारायची. शीळ घालताना होतात तसे ओठ करा, 'ऊ' धरा आणि पुढच्या स्वरावर झटकन उघडा: ऊ-ईक, ऊ-इल, ऊ-एस्ट, ऊ-आइन. पहिल्यांदा अगदी हळू, वेडगळ वाटलं तरी चालेल. मग ऊ आखूड करत न्या. ओठ उघडेपर्यंत आरशात एकदाही वरचे दात दिसता कामा नयेत, परीक्षा एवढीच. दिसत असतील तर खालच्या ओठावर बोट आडवं धरून म्हणा, म्हणजे दातांना टेकायला जागाच उरत नाही. सगळ्यात अवघड 'वुमन', 'वुड', 'वुल्फ', कारण डब्ल्यूच्या पुढचा स्वरही गोल ओठांचाच आहे. तिथे सुरुवातीला ओठ आणखी आवळावे लागतात, नाहीतर नुसतं 'ऊमन' ऐकू येतं. हे शब्द शेवटी घ्या.

डब्ल्यू अक्षर नसतानाही हा आवाज भेटतो, ते लक्षात असू द्या. 'वन' आणि 'वन्स' यांची स्पेलिंग ओ ने सुरू होते पण ओठ गोल. 'क्विक', 'क्वेश्चन', 'लँग्वेज' यांतही तोच. उलट 'राइट', 'आन्सर', 'टू' यांत डब्ल्यू लिहिलेला असून मुका.

व्ही सोपा आहे. 'ऑफिस'मधला फ म्हणा, 'फणस' म्हणताना ओठ मिटतात तो फ नव्हे. तो फ लांबवत असतानाच घशातून आवाज सुरू करा. गळ्यावर हात ठेवलात तर थरथर कळेल आणि खालच्या ओठाला बारीक गुदगुल्या होतील. खरा व्ही तुम्हाला श्वास पुरेल तोवर लांबवता येतो, भुंग्यासारखा. डब्ल्यू लांबवला तर त्याचा ऊ होतो. आपला मराठी व लांबवायला जा, घासल्याचा आवाज येतच नाही. कोणता आवाज निघतोय याची शंका आली की लांबवून बघा. ओठ चावू नका, दात आतल्या बाजूला हलकेच टेकले तरी पुरे. आणि मागे ह चिकटवू नका. 'केव्हा' आणि 'जिव्हाळा' यांतला व्ह हकारयुक्त आहे, 'व्हेरी'त तो श्वासाचा झोत नको.

शब्दाच्या शेवटचा व्ही बहुतेक शिकवणारे विसरतात. 'हॅव्ह', 'गिव्ह', 'फाइव्ह', 'लीव्ह' म्हणताना आपण शेवटी व सोडून देतो किंवा त्याचा फ करतो. तुमच्या कामात 'सेफ' आणि 'सेव्ह' रोज लागत असणार. इंग्रजीत यांतला फरक शेवटच्या व्यंजनापेक्षा आधीच्या स्वरात जास्त ऐकू येतो. 'सेव्ह'मधला ए लांब असतो, 'सेफ'मधला आखूड. स्वर लांबवा आणि दात ओठावर ठेवूनच थांबा, पुढे 'अ' लावू नका. 'ऑफ' आणि 'ऑव्ह' हेही वेगळे शब्द. दोन एफ असलेल्यात फ, एकच एफ असलेल्यात मात्र व्ही.

जर्मन शिकला असाल तर आणखी एक भानगड. पुण्यात जर्मन शिकलेले गल्लोगल्ली भेटतात म्हणून सांगते. जर्मनमध्ये डब्ल्यू हे अक्षर इंग्रजी व्हीसारखं उच्चारतात आणि व्ही बऱ्याचदा फसारखा. चाकणला ज्यांचा कारखाना आहे ते स्वतःला 'फोल्क्सवागन' म्हणतात, त्यातला 'वा' दात लावून. दोन्ही भाषांची गल्लत झालेली मुलं माझ्याकडे येतात. त्यांना वेळ जास्त लागतो, बाकी काही नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. आरशासमोर जमतं, कॉलवर विसरतं. याचं कारण असं की तुम्ही अवघड शब्द घोटताय, आणि डब्ल्यू बसलाय बारक्या शब्दांत: वुई, विल, विथ, वॉज, वेअर, वुड, व्हॉट, व्हेन. दर वाक्यात यांतले दोनतीन असतातच आणि त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. 'व्हॅलिडेशन' आणि 'व्हर्जन' दिवसातून किती वेळा म्हणाल? 'वुई' शंभरदा म्हणाल. म्हणून पहिला आठवडा कॉलवर फक्त 'वुई' सांभाळा, बाकीचं कसंही येऊ द्या. तो न आठवता यायला लागला की 'विल', मग 'विथ'. व्हीकडून 'हॅव्ह' आणि 'ऑव्ह' एवढे दोन घ्या. घरी म्हणायला एक वाक्य देते: 'एव्हरी वीक वुई हॅव्ह अ व्हिडिओ कॉल विथ द व्हेंडर.' यात दात आणि चंबू आळीपाळीने येतात. आधी संथ म्हणा, वेग आपोआप येईल. त्याहून चांगलं म्हणजे तुम्ही कालच पाठवलेली एखादी मेल छापून घ्या, डब्ल्यूच्या आवाजाला गोल करा, व्हीच्या आवाजाखाली रेघ मारा आणि मोठ्याने वाचा. स्वतःचीच वाक्यं असली की ती कॉलवर पुन्हा येतात. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये हेल्मेटच्या आत हे छान जमतं, कोणी बघत नाही.

तोंडाआधी कान तयार करा, हे मी सगळ्यांना सांगते आणि सगळे टाळतात. फरक ऐकूच येत नसेल तर तोंडाला दुरुस्त कोण करणार? जपानी लोकांना इंग्रजीतला र आणि ल वेगळा ऐकू येत नाही. १९९० च्या दशकात त्यांच्यावर झालेल्या प्रयोगांत वेगवेगळ्या माणसांच्या आवाजात र-लच्या जोड्या ऐकवून प्रत्येक वेळी 'बरोबर की चूक' सांगितलं गेलं. त्यांचं ऐकणं तर सुधारलंच, पण बोलण्याचा वेगळा सराव न देताही उच्चार सुधारले. यात दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत: एकाच शिक्षकाचा आवाज पुरत नाही, आणि लगेच उत्तर कळलं पाहिजे. ऑनलाइन डिक्शनरीत ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही उच्चार ऐकायला मिळतात. पश्चिमेचा 'वेस्ट' आणि बनियनचा 'व्हेस्ट', 'वाइन' आणि द्राक्षवेलीचा 'व्हाइन', 'वर्स' आणि 'व्हर्स', ओल्याचा 'वेट' आणि जनावरांच्या डॉक्टरचा 'व्हेट' अशा जोड्या घ्या. मित्राला उलटसुलट लावायला सांगा आणि न बघता ओळखा. मग तुमचा आवाज रेकॉर्ड करा, एक दिवस जाऊ द्या आणि तुमचेच शब्द तुम्हाला ओळखता येतात का बघा. फोनच्या व्हॉइस टायपिंगलाही पंच करता येतं, पण सुटे शब्द बोला. पूर्ण वाक्य बोललात तर संदर्भावरून ते स्वतःच बरोबर शब्द टाकतं आणि तुम्ही उगाच खूश होता.

एवढा आटापिटा कशाला, असं वाटत असेल तर एक किस्सा. माझ्या एका बॅचमधला बार्शीकडचा मुलगा व्हेंडरांच्या कागदपत्रांचं काम बघायचा. एक फॉर्म तिकडून यायचा होता. कॉलवर तो म्हणाला, 'वुई आर स्टिल वेटिंग.' व मराठी, त्यात 'वे'मधला ए आपल्या पद्धतीने सपाट. समोरच्या बाईंनी ऐकलं 'व्हेटिंग', म्हणजे कागद अजून तपासताहेत. त्या म्हणाल्या, 'फाइन, टेक युवर टाइम.' पुढचे काही दिवस त्या यांच्या तपासणीची वाट बघत बसल्या आणि हे त्यांच्या फॉर्मची. त्याच्या मॅनेजरने मला रेकॉर्डिंग ऐकवलं तेव्हा मी तिसऱ्यांदा ऐकल्यावर हसले. म्हणून वाट बघण्याचा 'वेट' म्हणताना ओठ गोल करून भागत नाही, ए च्या शेवटी किंचित इ कडे सरका: 'वेइट'.

'द' आणि 'थ'ची मात्र काळजी सोडा. 'थिंक'मधला थ आपल्या मराठी थसारखा आला तरी समोरच्याला कळतं. त्यावर महिने घालवणारे क्लास आहेत, माझ्या मते पैसे वाया.

क्लास लावू का, असंही विचारलंय. फक्त या दोन आवाजांसाठी नको. सुटे शब्द काही आठवड्यांत जमतील, बोलण्याच्या ओघात यायला काही महिने लागतील, आणि दमलेल्या दिवशी जुना व परत येईल, येऊ द्या. घरी आणि मित्रांत मराठी बोलताना हा चंबू करू नका, वाकडला कोणी 'ऊआकड' म्हणायला लागलं की ऐकवत नाही.

तोवर फोनवर ईमेल किंवा नावाचं स्पेलिंग सांगायची वेळ आली तर नुसतं 'व्ही' म्हणू नका, तो बी, डी, ई यांच्यातही मिसळतो. 'व्ही फॉर व्हिक्टर, डब्ल्यू फॉर व्हिस्की' म्हणा, विमानवाले तेच वापरतात. आणि ही व्हिस्की कृपया दात न लावता.