राणीला आण, पण तयारी आजच सुरू कर

निपाणीहून तू विचारलंयस: नवऱ्याची बर्लिनची नोकरी पक्की झाली, तुझं काम घरूनच चालणार, तर दिवसभर तिथं करमेल का, भाकरी-आमटी जमेल का, आणि तुमच्या गावठी कुत्रीला, राणीला, आणावं की सासूबाईंकडे ठेवावं? व्हिसाचं सांगायला शंभर जण मिळतील. मी रोजच्या दिवसाचं सांगते.

राणीला आणच गं. फक्त तुमच्या कागदांपेक्षा तिच्या कागदांना जास्त वेळ लागतो. आधी 15 अंकी मायक्रोचिप, मग रेबीजची लस; चिप बसायच्या आधी टोचलेली लस इथं धरत नाहीत. लसीनंतर निदान 30 दिवसांनी रक्त काढून युरोपीय संघाने मान्य केलेल्या लॅबकडं पाठवायचं. अहवालात रेबीजविरोधी प्रतिपिंडांचा आकडा 0.5 (IU/ml) किंवा वर आला की रक्त काढल्या तारखेपासून आणखी 3 महिने थांबायचं. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी चार महिने गेलेच. शेवटचा सरकारी दाखला बेंगळुरू किंवा मुंबईच्या केंद्रातून मिळतो, बेळगावात नाही. तो अगदी निघायच्या तोंडावर घ्यायचा असतो, तेव्हा तिकिटाची तारीख त्या हिशेबानं काढ.

एवढा खटाटोप कशाला, असं सासूबाई म्हणतील. कारण घरून काम करणारी बाई इथं डिसेंबरात घराबाहेर पडायचंच विसरते. सव्वाआठला उजाडतं, चारच्या आत अंधार. कुत्रं असलं की पडावंच लागतं. इथं तर कायदाच आहे, कुत्र्याला मोकळ्या हवेत पुरेसं फिरवायचं. आपल्याकडं सकाळी दार उघडलं की राणी गल्लीभर फिरून आपली आपण परत येते, तसलं इथं विसर. पट्टा हातात, पिशवी खिशात. मी दुपारी बाराची फेरी कधी चुकवत नाही, थंडीत ऊन दिसलंच तर तेव्हाच. बर्फात फुटपाथवर मीठ नाही, बारीक खडी टाकतात. ती पंजांच्या बोटांत अडकते. दाराशी कोमट पाण्याचं भांडं ठेव, आणि आत घेण्याआधी एकेक पाय बुडवून बोटं फाकवून पूस, नाहीतर ती रात्रभर चाटत बसते. ग्रुनेवाल्डच्या जंगलात तळ्याकाठी कुत्री मोकळी सोडता येतात. रविवारी तिथं बेळगावात टिळकवाडीच्या वॅक्सिन डेपोच्या मोकळ्या माळावर पहाटे असते तसली वर्दळ असते. माणसं तुझ्याशी बोलतील न बोलतील, राणीशी मात्र नक्की बोलतील. कुत्र्यावर कर आहे, बर्लिनमध्ये वर्षाला 120 युरो, आणि विमा सक्तीचा.

आता स्वयंपाक. भाड्याची पुष्कळ घरं स्वयंपाकघराशिवाय मिळतात. ओटा नाही, शेगडी नाही, सिंकसुद्धा नाही, नुसता भिंतीतून आलेला नळाचा पाईप. जाहिरातीत ‘आइनबाउक्युखे’, म्हणजे बसवलेलं स्वयंपाकघर, लिहिलंय का ते आधी बघ. शेगडी बहुधा काचेची असते, जाळावर भाकरी शेकायची सोय नाही. तव्यावरच उलटून फडक्यानं कडेकडेनं दाबत फुगवायची. शाळूचं पीठ भारतीय दुकानात मिळतंय, पण बऱ्याचदा विरी गेलेलं. पाणी चांगलं खळखळ उकळून त्यात पीठ घाल, पाच मिनिटं झाकून ठेव, मग गरम असतानाच मळ. थापताना कड चिरली तर हात ओला करून सांधायची. अख्खा मसूर कुठल्याही साध्या दुकानात मिळते, दाणा आपल्यापेक्षा जरा मोठा, शिजायला वेळ घेते. दही विरजायला ओव्हन चालू न करता आतला नुसता दिवा लाव; थंडीतसुद्धा सकाळपर्यंत घट्ट लागतं.

फोडणीची गोष्ट वेगळी. खिडकी उघडून, खोलीचं दार लावून मगच मिरच्या टाक, नाहीतर बोळातला धुराचा अलार्म बोंब मारतो आणि राणी पलंगाखाली. मिक्सर शनिवारीच फिरव. रविवारी दिवसभर आवाज करायचा नाही, दुकानंही बंद.

बॅगेत घरची चटणी आण, संकेश्वरी मिरच्या वाळवून आण. कढीपत्ता ताजा चालत नाही. कुंदाही नाही! दुधामांसाचे पदार्थ बाहेरच्या देशातून सामानात आणायला बंदी आहे, आणि कुंदा म्हणजे निव्वळ दूध. मग तो इथंच करायचा. साय न काढलेलं दूध, थोडं दही घालून फाडलेलं, मंद आचेवर आटवत बसायचं आणि साखर वेगळी जाळून तांबूस करून घालायची. बेळगावच्या शहापुरातल्या दुकानांची चव येत नाही, खोटं कशाला सांगू. पण बाहेर शून्याखाली तापमान, हातात कलथा आणि पायाशी भांडं खरवडायला मिळेल म्हणून टक लावून बसलेलं कुत्रं, यातच रविवारची दुपार मस्त जाते. (साखर घातल्यावर तिला द्यायचं नाही, आधीचा चमचाभर पुरे.)

आणि घर घेताना राणीचं घरमालकाला लेखी विचार. भाडेकरारात कुत्र्यांना सरसकट बंदी घालता येत नाही, असा इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचा 2013 चा निकाल आहे. पण परवानगी प्रत्येक घराचं बघून ठरते, वाद घालून नाही मिळत. अर्जासोबत तिचा फोटो जोड, शांत बसलेला. नवऱ्याचा पगाराचा कागद त्याच्या मागे लाव.