जुन्या लॅपटॉपच्या दोन बॅटऱ्या आत्ताच घेऊन ठेवाव्यात का?

तुमचा लॅपटॉप 2013 चा, बॅटरी पाऊण तासात बसते, आणि मॉडेल बंद झालंय म्हणून दोन घेऊन एक कपाटात टाकावी असं तुमच्या मनात आहे. नका टाकू. एकच घ्या. ही हुशारी मी आधीच करून बसलोय.

मी खानापुरात डीटीपी करतो. लग्नपत्रिका, वास्तुशांती, मराठी आणि कन्नड दोन्ही. वीस वर्षांच्या फाइली जुन्या फॉन्टात अडकल्यात, म्हणून जुनं मशीन सोडवत नाही. आणि आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच असेल, जूनमध्ये करंट गेला की कधी येईल ते देवाला ठाऊक. तेव्हा बेळगावला गेलो होतो त्या फेरीत दोन बॅटऱ्या आणल्या. एक लावली, दुसरी फुल्ल चार्ज करून माळ्यावर, पत्र्याखाली ठेवली. दोन वर्षांनी काढली तर चार्जिंगच घेईना.

लिथियम बॅटरी वापरा न वापरा, कारखान्यातून निघाल्या दिवसापासून म्हातारी होत जाते. फुल्ल चार्ज आणि उष्णता एकत्र आली की फारच झपाट्याने. साधारण 40 टक्के चार्जवर 25 अंशांत ठेवलेली वर्षाला चारेक टक्के क्षमता गमावते. फुल्ल भरून 40 अंशांत ठेवलेली 35 टक्क्यांपर्यंत. एप्रिलमधला पत्र्याखालचा माळा आठवा. शिवाय आतलं सर्किट थोडं थोडं खात असतं. सेल फार खाली उतरले की तेच सर्किट चार्जिंगला कुलूप लावतं.

म्हणून बंद पडलेल्या मॉडेलची 'ओरिजिनल, पेटीबंद' बॅटरी बघून भुलू नका. ती आठ वर्षं पेटीतच म्हातारी झालेली असू शकते. त्यापेक्षा ताज्या तारखेची, चांगल्या कंपनीची कंपॅटिबल परवडली. ऑनलाइन घेत असाल तर विक्रेत्याकडे लेबलचा फोटो मागा: बनवल्याची तारीख, बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर नंबर म्हणजे नोंदणी क्रमांक, व्होल्ट. 10.8 आणि 11.1 एकच धरा, दोन्हींत तीन सेल ओळीने असतात. 14.8 ची मात्र 11.1 च्या जागी चालत नाही.

आकड्यांचं खोटं ओळखायला थोडं गणित लागतं. जाड, काढता येणाऱ्या बॅटरीत बहुतेक 18650 सेल असतात, 18 मिमी जाड नि 65 मिमी लांब. चांगल्यातला चांगला सेल 3500 एमएएचच्या आसपास (एमएएच म्हणजे क्षमतेचं माप). सहा सेल म्हणजे दोन-दोनच्या तीन जोड्या, मग फार तर 7000. सहा सेलवर 7800 छापलं असेल तर सरळ थाप आहे. मी तर माझी शेजारच्या किराणा दुकानात काट्यावर टाकली. एक सेल 45 ग्रॅमच्या वर भरतो, सहा सेल आणि खोका मिळून तीनशेच्या पुढे जायला हवं. माझी भरली 215. दुकानदार म्हणाला, "ह्यापेक्षा आमचा पारले पुडा खरा!"

लावल्यावर विंडोजमध्ये powercfg /batteryreport ही कमांड चालवा. डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी शेजारी दिसतात. नव्या बॅटरीत मोठा फरक दिसला तर परतीची मुदत संपायच्या आत परत करा.

तरीही जादा ठेवायचीच असेल, तर निम्म्यावर चार्ज करून ठेवा आणि तीन-चार महिन्यांनी बघत जा. फ्रीजमध्ये नको, बाहेर काढली की दव धरतं. स्टीलचा डबाही नको, टोकं चिकटून शॉर्ट व्हायची भीती, प्लास्टिकचा घ्या. आमच्या जुन्या घरात मातीच्या भिंतीतला कोनाडा सगळ्यात गार असतो, आता मी तिथेच ठेवतो.

फुगलेली, म्हणजे ट्रॅकपॅड वर उचलणारी बॅटरी मात्र तपासतही बसू नका. चार्जर काढा, टोचू नका, घंटागाडीत टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

जुन्या बॅटरीच्या लेबलचा फोटो इथे टाका, व्होल्ट आणि सेल बघून सांगतो.